बिनतारखेचं पत्रक

स्वाइन फ्लूच्या पावसाळ्यात, विरारजवळ बोळिंजच्या एका सायबर कॅफेत, भरदुपारी मी माझ्या बाबांचं अक्षर पाहिलं. बाबांना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती, आणि हयातीत त्यांनी संगणकाला कधी हातही लावला नव्हता.

मी तिथे वेगळ्याच कामासाठी गेले होते. सकाळी वहिनीचा फोन आला होता. अंगात ताप, घसा दुखतोय, आणि दादा कंपनीच्या कामाने नागपूरला. वहिनीला सातवा महिना होता. आमचं गाव बोळिंजपासून रिक्षाने जवळच, त्यामुळे आईला सांगून मी तशीच निघाले. फ्लॅटवर पोचले तेव्हा वहिनी पलंगावर भिंतीला टेकून बसली होती, नाकाला कापूर आणि वेलची बांधलेला रुमाल लावून. त्या दिवसांत अख्ख्या इमारतीला तोच वास यायचा. जिन्यात शिरलं की एखाद्या बंद देवळात शिरल्यासारखं वाटायचं.

तिच्या डॉक्टरीणबाईंनी फोनवरच सांगितलं होतं : गरोदरपणात हा ताप अंगावर काढायचा नाही. वसईच्या सरकारी दवाखान्यात जा, त्याची गोळी तिथेच मिळते. आजच सुरू करा.

"मग उठ की," मी म्हटलं.

"येते. पण गोळी घेणार नाही."

"का?"

"बाळाला बाधते. सगळ्यांना माहीत आहे. तुम्हालाच कसं माहीत नाही, वन्सं?"

वहिनी साताऱ्याकडची, शाळेत गणित शिकवणारी. चिडली की ती मला वन्सं म्हणायची. कोणीही काहीही सांगावं आणि तिने मान डोलवावी, असली बाई ती नव्हे. म्हणून मी वाद घातला नाही. म्हटलं, खाली जाऊन नेटवर बघते, खरं काय ते छापूनच आणते. छापलेल्या कागदावर माझा फार विश्वास. त्याला कारण आहे.

मी पत्रकांवर वाढले. बाबा वसईतल्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे आणि संध्याकाळी पत्रकं लिहायचे. गावातल्या विहिरी टँकरवाले उपसतात, त्याविरुद्ध पत्रक. अंगात आणून औषध देणाऱ्या बुवाविरुद्ध पत्रक. हगवणीची साथ आली की मीठ-साखरेच्या पाण्याचं पत्रक. स्वतःच्या हाताने मोठ्या, गोल अक्षरांत लिहून ते तसंच छापून घ्यायचे. त्यांची शिरोरेघ शब्द संपला तरी थोडी पुढे जायची, पुढच्या शब्दाचा हात धरायला निघाल्यासारखी. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवली. लोकांना समजेल असं न लिहिणं हा एक प्रकारचा चोरटेपणा आहे, हे मी पाढ्यांच्या आधी शिकले.

पत्रक लिहून झालं की ते आईला वाचून दाखवायचे, हा घरचा रिवाज होता. आई चौथी शिकलेली. ती पडवीत केळीची पानं पुसत बसलेली असायची, बाबा समोर उकिडवे बसून वाचायचे. आई जिथे हात थांबवी तिथे बाबा वाक्य थांबवत.

"ह्ये कोनासाठी लिवलंय?" ती विचारायची. "माज्यासाठी का कलेक्टरासाठी?"

बाबा हसून ते वाक्य खोडायचे. आईला ऐकून ते परत सांगता आलं की मगच कागद छापखान्यात जाई. आणखी दोन गोष्टी ते कटाक्षाने पाळायचे. पत्रकावर नाव घालायचं नाही, कारण पत्रक चळवळीचं असतं. आणि तारीख घालायची नाही. "तारीख घातली की कागद शिळा होतो," ते म्हणायचे. "पाणी उकळून प्या, हे कधी शिळं होतं का?"

मला हे फार थोर वाटायचं.

तर त्या दुपारी कॅफेत भारनियमन चालू होतं. इन्व्हर्टरवर जेवढे संगणक चालत तेवढेच चालू होते, पंखे बंद, दिवे बंद. आत बसलेल्या सगळ्यांच्या तोंडाला मास्क. कोणी बोलत नव्हतं. पडद्याचा उजेड मास्कवर पडून चेहरे नाकाखाली पुसून टाकल्यासारखे दिसत होते. मी टाइप केलं : गरोदर बाई, स्वाइन फ्लू, गोळी.

पहिलं पान परदेशातलं, इंग्रजीत. माझं इंग्रजी वर्तमानपत्र वाचण्याइतपत होतं. त्या पानावर एक वाक्य पूर्ण व्हायला अर्धा पडदा लागत होता. धोका आणि लाभ यांचं तुलनात्मक मूल्यमापन करून, उपलब्ध पुरावा मर्यादित असला तरी, विचार करता येऊ शकेल. द्यावी की नाही, ते वाक्य काही तोंडातून काढेना. मी ते तीनदा वाचलं आणि दरवेळी मला ते वेगळं काही सांगतंय असं वाटलं.

दुसरं पान सरकारी होतं, मराठी. आशेने उघडलं. पानभर नुसते चौकोन उमटले. रिकामे, सारखे, ओळीच्या ओळी. मधूनच एखादा आकडा, एखादा पूर्णविराम. त्या संगणकात तो फॉन्ट नव्हता, एवढंच. पण बघताना अंगावर काटा आला. कोणीतरी बोलणाऱ्याच्या तोंडावर हात दाबून धरलाय आणि तो तरी बोलतोच आहे, असं ते दिसत होतं. त्या चौकोनांमध्ये बहुधा माझं उत्तर होतं.

तिसरं पान प्रश्नोत्तरांचं. कोण्या माणसाने विचारलं होतं : बायको गरोदर आहे, ताप आहे, गोळी देऊ का, लवकर सांगा. खाली उत्तर नव्हतं. खाली दुसऱ्या कोणीतरी लिहिलं होतं : मलाही हेच विचारायचं आहे. त्याखाली तिसऱ्याने : मलाही. पान सरकवत गेले तरी तेच. एकामागे एक माणसं अंधाऱ्या बोळात उभी आहेत आणि बोळाच्या टोकाला खिडकीच नाही.

मी हात मागे घेतला आणि मान वळवली. शेजारचा माणूस ईमेलमधलं एक चित्र उघडत होता. ते वरून खाली हळूहळू उतरत होतं. आधी पांढरा कागद, मग एक शिरोरेघ, शब्दाच्या पुढे वाहत गेलेली.

मी खुर्ची सरकवली. माणूस दचकून भिंतीकडे झाला. मी खोकले असेन असं त्याला वाटलं.

पडद्यावर बाबा लिहीत होते :

"घाबरू नका. घाबरलेला माणूस आधी गोळी शोधतो, मग आजार.

ताप नसेल तर साथीची गोळी गिळू नका.

पोटात बाळ असेल तर ती मुळीच नको. कोणी दिली तरी नको. पांढऱ्या कोटाने दिली तरी नको. तिचं फळ बाळाच्या हाडांना भोगावं लागतं."

आणि वर, जाड अक्षरांत, शीर्षक : "स्वाइन फ्लूपासून सावध राहा."

बाबांनी या आजाराचं नावही ऐकलं नव्हतं. ते गेले तेव्हा तो नव्हताच. क्षणभर, हे लिहायला मला लाज वाटत नाही, मी त्या अंधारात मागे वळून बघितलं.

मग नीट पाहिलं. "स्वाइन फ्लू" हे दोन शब्द त्यांच्या हातचे नव्हते. ते संगणकाचे होते, सरळ आणि मेलेले. त्यांच्याभोवती एक पांढरी पट्टी होती, खालचं जुनं नाव झाकायला किंचित तिरकी चिकटवलेली. बाकी सगळं बाबांचं.

"ताई, प्रिंट काढू का?" गल्ल्यावरच्या मालकाने विचारलं. "सगळे तेच नेतायत. बाकीचं कोणी वाचत नाय. हे एकदम क्लिअर आहे."

"कोणी पाठवलं हे?"

"नेटवर आलंय," तो म्हणाला, पाऊस आलाय म्हणावं तसं.

इमारतीच्या खालच्या सूचनाफलकावर तो कागद लावलेला होता. येताना मी त्याच्या समोरून गेले होते आणि पाहिला नव्हता. चौथ्या मजल्यावरच्या काकू, मूळच्या मालवणच्या, तिथेच पिशवी घेऊन उभ्या होत्या.

"काय गो, रडतंस कित्याक?"

"काकू, हे कोणी लावलं?"

"मीच लावलंय. मुलाने ऑफिसातून आणल्यान. असो कागद सरकारन काढूक होयो. ह्यो वाचलो की डॉक्टराकडे जाऊची गरजच नाय."

वर गेले. पत्रकाचं नाव काढताच वहिनीने देव्हाऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे समईच्या मागे, घडी न घालता, तोच कागद उभा केलेला होता.

"तुम्ही ओळखलंत ना अक्षर?" ती म्हणाली. "मी बघताक्षणी ओळखलं. ह्यांनी लग्नानंतर पेटी उघडून सगळी पत्रकं दाखवली होती. मी मामंजींना कधी पाहिलं नाही. पण हा कागद काकूंनी दारात दिला ना, तेव्हा वाटलं, ते बघायला आलेत मला."

तिचे डोळे तापाने चकाकत होते. मी समोर बसले आणि सांगायला लागले. हे पत्रक खरं आहे, पण ते या आजाराचं नाही. सुरतेला प्लेग आला त्या वर्षीचं आहे. तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. सुरतेहून येणाऱ्या गाड्या विरारला थांबायच्या आणि गावात कोणी पाहुणा उतरला तरी लोक दारं लावून घ्यायचे. तेव्हा माणसं टेट्रासायक्लिनच्या गोळ्या मुठीमुठीने गिळत होती, ताप नसताना. काही कंपाउंडर डोळे झाकून वाटत होते. ती गोळी गरोदर बाईला खरंच वाईट, बाळाच्या दातांना, हाडांना. बाबांनी ओळखीच्या डॉक्टरांना विचारून ते लिहिलं. पण आजची गोळी निराळी आहे. तिचा त्या गोळीशी काही संबंध नाही.

वहिनीने शांतपणे ऐकून घेतलं. मग तिच्यातल्या गणिताच्या बाईने विचारलं, "मग गोळीचं नाव का नाही लिहिलं?"

माहीत असलेलं उत्तर टाळून मी तिच्यासाठी पाणी ओतायला उठले. नाव होतं. आईला ते घेता आलं नव्हतं, म्हणून खोडलं होतं. सोपं करण्यासाठी. मी ज्या गोष्टीला आयुष्यभर थोर मानत आले तीच.

"आणि तुम्ही तेव्हा केवढ्या होतात?" वहिनी म्हणाली. "तुमच्या आठवणीवर मी माझं बाळ ठेवू? त्यांनी लिहून ठेवलंय. पांढऱ्या कोटाने दिली तरी नको."

"वहिनी, ते गेलेत."

"म्हणून काय खोटं बोलतील?"

मी आईला फोन केला. म्हटलं, अशीच निघ, थेट वसईला, दवाखान्यात ये.

दवाखान्याच्या आवारात तपासणीसाठी वेगळा मांडव घातला होता. बाकांवर माणसं एकमेकांपासून अंतर ठेवून बसली होती, मध्ये न दिसणारं कोणी बसलं असावं अशी. मास्कमुळे कोण कुणाकडे बघतंय कळत नव्हतं. कोणी खोकलं की सगळी डोकी एकदम वळत आणि एकदम परत जागेवर येत. डॉक्टर तरुण होते, उभ्याउभ्या तपासत होते, घसा बसलेला. वहिनीला बघून म्हणाले, तपासणीची वाट बघायची नाही, गरोदर आहेत, गोळी लगेच सुरू करायची. नाव सांगितलं, ऑसेल्टामिविर. सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस, संपेपर्यंत. धाप लागली, बाळाची हालचाल कमी वाटली, तर तसंच परत यायचं. सोबत एक कागद दिला, इंग्रजीत, दोन्ही बाजूंनी बारीक छापलेला. मी विचारलं, मराठीत नाही का? ते म्हणाले, "वेबसाइटवर आहे, मॅडम."

मला हसू आलं आणि संतापाने कानशिलं तापली. खरं माहीत असलेल्यांना बोलता येत नव्हतं, आणि ज्यांना बोलता येत होतं ते मेलेले होते.

डॉक्टरांनी गोळ्यांचं पाकीट दिलं होतं आणि त्यातली पहिली गोळी वहिनीच्या तळहातावर ठेवली होती. तिने मूठ मिटली. आमच्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक पोटुशी बाई बसली होती, हिरव्या ओढणीची, एकटी. तिच्या मांडीवर तोच कागद होता. बाबांचा. तिचीही मूठ मिटलेली.

आई आली तेव्हा तिच्या नाकाला पदर होता आणि पायाला वाडीतला चिखल. तिने आधी सुनेच्या कपाळावर हात ठेवला.

"बाय गं. भट्टी झालीय." मग म्हणाली, "गोळी खाल्ली?"

"मामंजींनी नको म्हटलंय, आई," वहिनी म्हणाली आणि पर्समधून कागद काढला. देव्हाऱ्यातला कागद ती बरोबर घेऊन आली होती.

आईने तो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. तिला वाचायला वेळ लागायचा, पण अक्षर ओळखायला लागला नाही. 

"मेला तरी मानूस गप बसत नाय," ती म्हणाली. मग सुनेकडे वळली. "ऐक. ह्ये पलेगाचं हाय. त्या वेळी त्यांनी गोळीचं नाव लिवलं होतं. लांबलचक. मी म्हनले, ह्ये माज्या तोंडात बसत नाय, काढून टाका. दोनदा सांगितलं त्यांनी, नाव ऱ्हाऊ दे. मी आयकलं नाय. माज्यापायी काढलं."

"आई, खरं?"

"तुजी शपथ घेऊ का त्याची?" तिने वहिनीच्या पोटाकडे बघितलं आणि शपथ घेतली नाही. "ही गोळी कोनची? नाव काय तिचं?"

मी सांगितलं.

"परत सांग."

"ऑसेल्टामिविर."

"ऑसल... टाम..." आईने मान हलवली. "हळू सांग. तोडून सांग."

मग त्या बाकावर आमचा जुना रिवाज पुन्हा सुरू झाला, पण उलटा. मी इंग्रजी कागद तोडून तोडून मराठीत सांगत होते. कुठल्या तापाची गोळी, कधी घ्यायची, किती दिवस, काय झालं तर परत यायचं. आई सुनेच्या पाठीवरून फिरणारा हात थांबवायची तिथे मी थांबायचे. फक्त नाव आलं की ती ते खोडायला सांगत नव्हती. पदराआडून पुन्हा पुन्हा म्हणत होती, जात्यावर अडकलेला दाणा फिरवावा तसं. ऑ. सेल. टा. मि. विर. समोरच्या बाकावरचे म्हातारेबुवा तिच्याकडे बघायला लागले.

"मंत्र म्हणताय का काय, आजी?"

"तुमी गप बसा," आई म्हणाली. "माजी सून पास व्हायचीय."

वहिनी मास्कच्या आत हसली. सकाळपासून पहिल्यांदा. आईने एका दमात नाव उच्चारलं, मग दुसरं, जुनं, जे तिने कधीकाळी खोडायला लावलं होतं, तेही उच्चारलं. दोन्ही नावं एकापाठोपाठ. "ही ती नव्हं," ती म्हणाली. "ती येगळी, ही येगळी."

वहिनीने मूठ उघडली नाही. तिने माझ्याकडे बघितलं. "आणि तुमचं चुकलं तर?"

"तर मी इथे आहे," मी म्हटलं. "आज कोणती तारीख आहे ते तुला माहीत आहे, गोळीचं नाव माहीत आहे, सांगणारी कोण ते माहीत आहे. उद्या येऊन मला जाब विचार. बाबांना आता विचारता येत नाही."

तिने पाण्याची बाटली मागितली. मास्क खाली केला. आईने डोळे मिटले. गोळी गेली.

मी वळले तर बाकाचं दुसरं टोक रिकामं होतं. मी फाटकापर्यंत धावले. बाहेर रिक्षांच्या रांगेत, बसच्या दारात, सगळीकडे मास्क लावलेली माणसं. एक हिरवी ओढणी दिसल्यासारखी झाली, मग ती ताडपत्री निघाली.

वहिनीचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला. तिने गोळ्या पाचही दिवस घेतल्या. पुढे मुलगी झाली, ठणठणीत, आणि आजही ती माझ्यापेक्षा मोठ्याने भांडते. हे इथेच सांगून टाकते. लोकांना घाबरवून शेवटपर्यंत वाचायला लावू नये, एवढी शिकवण मला घरातून आहे.

पण त्या दिवशी दवाखान्यातून परतताना वहिनी रिक्षात म्हणाली, "ती हिरव्या ओढणीवाली समोरच्या विंगमधली आहे. नवीनच आलेत. नवरा सकाळी जातो तो रात्री येतो. मी खाली बघितलंय तिला, खोकत होती."

घरी पोचल्यावर मी आधी लिहायला बसले. गोळीचं नाव, आजाराचं नाव, वर तारीख, खाली माझं नाव आणि वहिनीच्या फ्लॅटचा नंबर. बाबांच्या दोन्ही नियमांच्या विरुद्ध. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "लांब झालंय, पन ऱ्हाऊ दे." काकूंना घेऊन मी फलकावरचा जुना कागद उतरवला आणि हा लावला. काकू कुरकुरल्या, पण टाचण्या त्यांनीच दिल्या.

सकाळी खाली गेले तर फलकावर बाबा होते. ताजी प्रिंट, ओलसर कोपऱ्यांची. माझा कागद तिच्याखाली तसाच होता, नुसती त्याची कड बाहेर दिसत होती. कोणी लावला, कोणी सांगेना. काकूंनी देवाची आण घेतली. वॉचमन म्हणाला, "आपण नाय पाह्यला." मी तो कागद काढला. दुपारी समोरच्या विंगच्या फलकावरही तो होता. पाण्याच्या टाकीजवळच्या खांबावर होता. इस्त्रीवाल्याच्या टपरीत होता. प्रत्येक ठिकाणी तीच शिरोरेघ पुढे वाहत होती, कोणाचा तरी हात शोधत. एवढ्या ठिकाणी बाबा हयातीत कधी पोचले नव्हते. त्यांना कागद परवडायचा नाही.

मी समोरच्या विंगमध्ये गेले. जिन्यात तोच कापराचा वास. वॉचमनने सांगितलेलं तिचं दार बंद होतं, उंबऱ्यावर कडुलिंबाच्या पाल्याची जुडी. बेल दाबली, पण वीज नव्हती. दार ठोठावलं.

आतून आवाज आला, दाराला अगदी लागून. "कोण?"

मी नाव सांगितलं. समोरच्या विंगमधून आले म्हटलं. काल दवाखान्यात आपण एका बाकावर होतो. तुम्ही गोळी घेतलीत का?

आधी खोकला, लांबलचक, संपता संपेना असा. आणि मग ती बाई बोलायला लागली, सावकाश, एकसुरात, पाठ केलेलं म्हणावं तसं :

"घाबरू नका. घाबरलेला माणूस आधी गोळी शोधतो, मग आजार."

माझ्या हाताला दाराचं लाकूड गार लागलं. ते वाक्य मी पडवीत पहिल्यांदा ऐकलं होतं, बाबांच्या तोंडून. आई तेव्हा हसली होती. आता ते एका अनोळखी बाईच्या तापलेल्या घशातून येत होतं आणि एक शब्दही चुकत नव्हता. पोटात बाळ असेल तर. कोणी दिली तरी नको.

"ते माझ्या वडिलांनी लिहिलंय," मी म्हटलं.

आवाज थांबला.

"ते मला खूप आवडायचे. ते खोटं बोलले नाहीत. पण ते या तापाबद्दल बोलत नाहीयेत. त्यांना हा ताप माहीत नाही. ते वारले." त्या गोळीचं नाव सांगितलं. या गोळीचं सांगितलं. तोडून तोडून, आईला सांगितलं तसं. आजची तारीख सांगितली. कोण सांगतंय, कुठे राहते, सांगितलं. सगळं सांगून झालं आणि पलीकडून काहीच आलं नाही, म्हणून मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

दुसऱ्यांदा नावापर्यंत आले तेव्हा कडी वाजली. दार साखळीपुरतं उघडलं. फटीतून एक हात बाहेर आला, बांगड्यांचा, तापाने लाल. तळहातावर कालची गोळी होती, घामाने मऊ पडलेली.

"ही तीच का?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "ही ती नाही. पण ती टाक. पाकिटातली नवी घे."

हात आत गेला. दार लागलं. आतून माठावरचं झाकण सरकल्याचा आवाज आला, मग भांड्यात पाणी पडल्याचा. मी दाराला कान लावून उभी राहिले.